खालूबाजा वाजला की पाय का हलतात? ताल, मेंदू आणि एकत्र वाजवण्यामागचं विज्ञान

महाड-पोलादपूरकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. शिमग्याची पालखी अजून दोन वाड्या लांब असते, ढोलाचा आवाज कानावर येतो आणि दारात उभ्या असलेल्या माणसाची टाच जमिनीवर ठेका धरायला लागते. कडेवरचं पोर हात हलवतं. मुंबईहून आलेला चाकरमानी बॅग खाली ठेवायच्या आधीच मान डोलवतो.

दुसरं दृश्य भजनाचं. देवळात पंधरा-वीस टाळकरी उभे आहेत, मध्ये पखवाज आहे. समोर लिहिलेलं काही नाही, हातवारे करून सांगणारा कुणी नाही. तरीही पंधरा टाळ एकाच क्षणी वाजतात. बुवांनी लय वाढवली की सगळे एकत्र वाढवतात, आणि थांबले की एकत्र थांबतात.

हे जमतं कसं? मेंदूत नेमकं काय घडतं? सगळे एका तालात आले की 'अंगात आल्यासारखं' का वाटतं? गेल्या वीसेक वर्षांत मेंदूशास्त्रज्ञांनी या प्रश्नांवर बरंच काम केलं आहे. ते आपल्याकडच्या खालूबाजा, भजन आणि जाखडीच्या अंगाने समजून घेऊया.

आधी तीन शब्द: लय, ताल, सम

रोजच्या बोलण्यात आपण हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

लय म्हणजे गती. ठोके किती अंतराने पडतात ते लय सांगते.

ताल म्हणजे त्या ठोक्यांची चौकट. भजनी ठेका आठ मात्रांचा असतो. आठ मात्रा संपल्या की पुन्हा पहिलीपासून सुरुवात होते.

सम म्हणजे त्या चक्राची पहिली मात्रा. गाणारा कितीही फिरून आला तरी त्याला इथे परत यावं लागतं. तो समेवर बरोबर आला की ऐकणाऱ्यांच्या माना एकत्र हलतात.

म्हणजे वाजवणाऱ्याच्या मेंदूला एकाच वेळी तीन कामं करायची असतात: गती पकडणं, आपण चक्रात कुठे आहोत हे लक्षात ठेवणं आणि शेजारच्याशी जुळवून घेणं.

मेंदू ऐकून वाजवत नाही, अंदाजाने वाजवतो

आपल्याला वाटतं की टाळकरी पखवाजाचा ठोका ऐकतो आणि मग टाळ वाजवतो. पण गणित तसं जुळत नाही.

आवाज ऐकून बटण दाबायला सांगितलं, तर निरोगी माणसाला साधारण १५० ते २०० मिलिसेकंद लागतात. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. आता मिनिटाला १२० ठोके अशी लय धरा. दोन ठोक्यांमध्ये ५०० मिलिसेकंद मिळतात. प्रत्येक जण आवाज ऐकून मग वाजवायला लागला, तर त्याचा टाळ ठोक्यापेक्षा जवळपास एक तृतीयांश मात्रा मागे पडेल. असं भजन कुणी ऐकून घेणार नाही.

प्रत्यक्षात उलटंच दिसतं. प्रयोगशाळेत लोकांना 'टिक-टिक' या आवाजाबरोबर बोटाने ठेका धरायला सांगितलं, की बहुतेकांचं बोट आवाजाच्या किंचित आधीच खाली पडतं. हा फरक काही मिलिसेकंदांपासून काही दशक मिलिसेकंदांपर्यंत असतो. संगीताचा सराव असलेल्यांमध्ये तो कमी असतो. माणसाला स्वतःला मात्र आपण अगदी बरोबर ठोक्यावर आहोत असंच वाटत असतं.

याचा अर्थ, पुढचा ठोका कधी येणार हे मेंदूने आधीच ताडलेलं असतं आणि हाताला आदेश त्या अंदाजावर गेलेला असतो. ठोका आला की मेंदू तपासतो: अंदाज बरोबर होता का? चुकला असेल तर पुढच्या वेळी दुरुस्ती होते.

ही दुरुस्ती दोन प्रकारची असते. शेजारच्याचा एखादा ठोका जरासा सरकला तर आपला हात आपोआप सावरून घेतो, आपल्या लक्षातही येत नाही. पण लयच बदलली, म्हणजे बुवा दुगुनीत गेले, तर लक्ष देऊन नवी गती पकडावी लागते. म्हणून नवखा टाळकरी संथ अभंगात छान निभावतो आणि लय बदलण्याच्या जागी गडबडतो.

हात-पाय स्थिर असले तरी मेंदू 'नाचतो'

दारात उभ्या माणसाची टाच का हलते, याचं उत्तर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिळतं. जेसिका ग्रान आणि मॅथ्यू ब्रेट या संशोधकांनी लोकांना स्कॅनरमध्ये स्थिर झोपवून वेगवेगळे ताल ऐकवले. काही तालांत ठोका स्पष्ट जाणवत होता, काहींत नव्हता. ठोका स्पष्ट असलेले ताल ऐकताना मेंदूतले बेसल गँग्लिया आणि हालचालीची आखणी करणारा भाग जास्त सक्रिय झाले.

बेसल गँग्लिया हे मेंदूच्या आत खोलवर असलेले पेशींचे पुंजके आहेत. हालचाल सुरू करणं, थांबवणं, ओघाने चालू ठेवणं यात त्यांचा मोठा वाटा असतो. म्हणजे ताल ऐकणं हे फक्त कानाचं काम नाही. कानाशी जोडलेले भाग आणि हालचालीशी जोडलेले भाग एकत्र काम करतात. हालचालीची तयारी आतमध्ये झालेलीच असते, त्यामुळे पाय हलवण्यापेक्षा तो न हलवणं अवघड जातं.

यात लहान मेंदूही सामील असतो. डोक्याच्या मागच्या खालच्या बाजूचा हा भाग हालचालींची बारीक वेळ साधायला आणि चुका दुरुस्त करायला मदत करतो.

सम आवाजात असते की डोक्यात?

२०११ मध्ये बेल्जियममधल्या सिल्वी नोझरादान आणि सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग केला. त्यांनी लोकांना सेकंदाला २.४ ठोक्यांचा एकसारखा आवाज ऐकवला. त्यात कुठलाही ठोका जोरात नव्हता. मग सांगितलं, मनातल्या मनात हे ठोके दोन-दोनच्या गटात मोजा. नंतर सांगितलं, तीन-तीनच्या गटात मोजा. डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडमधून मेंदूच्या विद्युत लहरी नोंदवल्या जात होत्या.

आवाज तोच होता, पण लहरी बदलल्या. दोनच्या गटाची कल्पना केली तेव्हा सेकंदाला १.२ वेळा येणारी लहर दिसली, तीनच्या गटात ०.८ वेळा येणारी. माणसाने मनात धरलेली 'पहिली मात्रा' मेंदूच्या लहरींमध्ये मोजता आली. पखवाज थोडा वेळ थांबला तरी टाळकऱ्याची सम हरवत नाही, कारण मोजणी आत चालू असते.

ही क्षमता किती लवकर येते? २००९ मध्ये बुडापेस्ट आणि ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ड्रमचा ठेका ऐकवला आणि मध्येच पहिला, महत्त्वाचा ठोका गाळला. बाळांच्या मेंदूने 'काहीतरी चुकलं' अशी प्रतिक्रिया दिली. कमी महत्त्वाचा ठोका गाळला तेव्हा तशी प्रतिक्रिया आली नाही. म्हणजे ठोक्याची चाहूल आपण जन्मतः घेऊन येतो. भजनी ठेका की दादरा, हे मात्र आजूबाजूला काय वाजतं त्यावरून शिकतो.

ढोलाचा आवाज जाड का?

खालूबाजातली ओळखीची वाद्यं म्हणजे ढोल, टिमकी, झांज आणि सनई. सनई चाल वाजवते, टिमकी बारीक आणि जलद बोल भरते, ढोल मुख्य ठोका धरून ठेवतो. कामाची ही वाटणी जगभर दिसते: पाया जाड आवाजाच्या वाद्याकडे आणि नक्षी बारीक आवाजाच्या वाद्याकडे.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये याचं एक कारण दाखवलं. त्यांनी एक जाड आणि एक बारीक असे दोन सूर एकत्र ऐकवले, आणि मधूनच त्यातला एक ५० मिलिसेकंद आधी आणला. जाड सूर चुकला की मेंदूची प्रतिक्रिया जास्त तीव्र होती. ठेका धरणाऱ्यांची बोटंही जाड सुराच्या मागेच गेली. वेळेच्या बाबतीत आपला कान जाड आवाजावर जास्त भरवसा ठेवतो.

त्याच विद्यापीठाने २०२२ मध्ये एका खऱ्या मैफलीत आणखी एक प्रयोग केला. कानाला जाणवणारही नाही इतका खालचा आवाज देणारे स्पीकर ठरावीक वेळाने चालू-बंद केले. ते चालू असताना लोक सुमारे १२ टक्के जास्त हलत होते. असा आवाज शरीराला त्वचेतून आणि तोल सांभाळणाऱ्या अंतर्कर्णातून जाणवत असावा, असं संशोधकांचं म्हणणं आहे. ढोल छातीत वाजतो असं आपण म्हणतो, त्यात तथ्य आहे.

पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक का लावतात, तेही इथे लक्षात येतं. कणकेच्या वजनामुळे पुडीचा आवाज खाली जातो आणि घुमतो. वीस टाळांच्या किणकिणाटातही तो जाड 'धा' सगळ्यांना सापडतो.

कंडक्टर नसताना सगळे एकत्र कसे राहतात?

१६६५ मध्ये डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांना एक गोष्ट दिसली. एकाच आधारावर टांगलेली दोन लंबकाची घड्याळं थोड्या वेळाने एकमेकांशी जुळून हलायला लागायची. आधारातून जाणारी सूक्ष्म कंपनं दोघांना जोडत होती.

माणसांमध्ये हा जोड कान आणि डोळ्यांतून होतो. आणि तो दोन्ही बाजूंनी असतो. मी तुझं ऐकून सावरतो, तू माझं ऐकून सावरतोस. दोघे थोडे-थोडे सरकतात आणि मधे कुठेतरी भेटतात.

हिंदुस्तानी संगीतातही हे तपासलं गेलं आहे. संगीत अभ्यासक मार्टिन क्लेटन यांनी ख्याल मैफलींच्या व्हिडिओंचा बारकाईने अभ्यास केला. तानपुऱ्याच्या झंकाराने ताल धरणं अपेक्षित नसतं. तरीही शेजारी बसलेल्या तानपुरावादकांची बोटं नकळत एकमेकांशी जुळत असल्याचं त्यांना दिसलं. जुळवून घ्यायचं नाही असं ठरवलं तरी शरीर जुळतं.

'मेंदूच्या लहरी जुळतात' हा दावा कितपत खरा?

सोशल मीडियावर असे दावे सतत फिरतात, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

२००९ मध्ये बर्लिनमधल्या संशोधकांनी गिटारवादकांच्या जोड्यांना एकच धून एकत्र वाजवायला सांगितली आणि दोघांच्या मेंदूच्या लहरी एकाच वेळी नोंदवल्या. वाजवायला सुरुवात करताना आणि वाजवताना दोघांच्या लहरींमध्ये जुळणी दिसली. हा निष्कर्ष खरा आहे.

पण याचा अर्थ एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात लहरी जातात असा होत नाही. दोघे एकच आवाज ऐकत असतात आणि एकाच वेळी तीच हालचाल करत असतात, त्यामुळे लहरी सारख्या दिसण्याचा बराच भाग त्यातूनच येतो. जोडणारी तार बाहेर आहे: आवाज, नजर, हालचाल.

हृदयाच्या ठोक्यांचंही तसंच. स्वीडनमध्ये २०१३ साली झालेल्या एका अभ्यासात समूहगान करणाऱ्यांच्या हृदयगतीचे चढउतार एकत्र होताना दिसले. कारण साधं होतं. एकत्र गाताना सगळे एकाच जागी श्वास घेतात, आणि श्वासाबरोबर हृदयाची गती कमी-जास्त होते. अभंगाचं ध्रुपद सगळे मिळून उचलतात तेव्हा श्वासही एकत्रच घेतला जातो.

दिंडीत मागची रांग मागे का पडते?

इथे मेंदूच्या आधी भौतिकशास्त्र येतं. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटर लांब असलेल्या माणसाला ठोका १०० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत हा उशीर मात्रेचा पाचवा भाग आहे आणि तो कानाला स्पष्ट कळतो.

म्हणून लांबलचक मिरवणुकीत पुढचे आणि मागचे यांचा ताल फाटतो. कुणाचा सराव कमी असतो असं नाही, आवाजच उशिरा पोचतो. यावरचे उपाय आपल्या लोकांनी अनुभवाने शोधलेले दिसतात. दिंडीत टाळकरी समोरासमोर रांगा करतात आणि पखवाज मध्ये राहतो. पावली खेळताना पायांकडे नजर असते, आणि उजेडाला आवाजासारखा उशीर होत नाही.

जाखडी, म्हणजे बाल्या नाच बघा. गाणारे आणि ढोलकीवाला मध्ये, पायात चाळ बांधलेले नाचे भोवती गोल. तीन मीटरच्या वर्तुळात मधला आवाज प्रत्येकाला सारख्याच, म्हणजे ९ मिलिसेकंदांच्या आसपास उशिराने पोचतो. वर्तुळात कुणीच मागच्या रांगेत नसतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ कॉलवर भजन करायचा प्रयत्न अनेकांनी केला. तो फसण्याचं कारणही हेच. ख्रिस चेफ आणि सहकाऱ्यांनी दोन वेगवेगळ्या खोल्यांत बसवलेल्या लोकांना एकत्र टाळ्या वाजवायला लावून मधला उशीर बदलत पाहिला. साधारण १० ते १२ मिलिसेकंदांपेक्षा उशीर वाढला की लय हळूहळू मंदावत जाते, कारण प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतो. नेहमीच्या व्हिडिओ कॉलमधला उशीर याच्या कित्येक पट असतो. त्यात ही ॲप टाळांचा आवाज 'गोंगाट' समजून दाबतात, ते वेगळंच.

गजर करताना लय का चढते?

भजन संथ सुरू होतं आणि गजराला वेग घेतं. ही रचना ठरवून केलेली असते, पण लय नकळतही चढते. प्रत्येक भजनी मंडळात 'अरे, पळू नका' असं सांगणारा एक जुना माणूस असतोच.

जपानी संशोधकांनी २०१७ मध्ये हे मोजलं. एकट्याने ठेका धरणाऱ्यापेक्षा जोडीने ठेका धरणाऱ्यांची गती जास्त वाढत गेली. एक शक्यता अशी: ज्याचा ठोका आधी पडतो त्याच्याकडे दुसरा सरकतो, पण उशिरा पडलेल्यासाठी पहिला तितका थांबत नाही. हे पुन्हा पुन्हा घडलं की लय चढते.

सभागृहातल्या टाळ्यांवर २००० साली 'नेचर' या नियतकालिकात आलेला एक अभ्यासही वाचनीय आहे. प्रेक्षक सुरुवातीला जोरजोरात, विस्कळीत टाळ्या वाजवतात. मग एकत्र येण्यासाठी त्यांना टाळ्यांची गती जवळपास निम्मी करावी लागते. पुढे उत्साहाने गती वाढली की एकत्रपणा मोडतो. वेग आणि जुळणी दोन्ही सांभाळायचं तर सराव लागतो. चांगला पखवाजी गजरातही लय हातात ठेवतो, आणि त्याची तयारी तिथेच कळते.

दोन बाजे समोरासमोर आले तर?

महाडचं ग्रामदैवत वीरेश्वर. महाशिवरात्रीनंतर होणाऱ्या त्यांच्या छबिन्याला आसपासच्या गावांच्या पालख्या आणि सासनकाठ्या येतात. प्रत्येक गावाचा आपला बाजा, आपली चाल. दोन गावं समोरासमोर आली की दोन ताल एकमेकांवर आदळतात.

आत्तापर्यंत पाहिलं त्यावरून वाटेल की दोन्ही ताल एकमेकांत विरघळतील. पण वाजवणारे आपापला ताल सोडत नाहीत. याचं जवळचं उदाहरण ब्राझीलमध्ये अभ्यासलं गेलं आहे. तिथल्या कोंगादो नावाच्या मिरवणुकीत वेगवेगळे वादक गट रस्त्यात भेटतात. २०११ मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं, की ताल जुळणार की नाही हे गटांमधलं अंतर, दोन्ही तालांतलं साम्य आणि वाजवणाऱ्यांची इच्छा यावर अवलंबून असतं. दुसऱ्याच्या तालात न ओढलं जाणं हेही तिथे कौशल्य आणि ओळखीचा भाग मानलं जातं.

त्यासाठी वादक एकमेकांच्या जवळ येतात, आपल्या ढोलाकडे कान देतात, नजर आतल्या बाजूला ठेवतात. मेंदूच्या भाषेत, ते आपल्या गटाशी असलेला जोड घट्ट करतात आणि दुसऱ्याशी असलेला सैल.

एकत्र नाचल्याने माणसं खरंच जवळ येतात का?

काही प्रमाणात, हो. २००९ मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत एका तालात चाललेल्या किंवा गायलेल्या गटांनी नंतरच्या खेळात एकमेकांना जास्त सहकार्य केलं. २०१४ मध्ये कॅनडात १४ महिन्यांच्या बाळांना कडेवर घेऊन संगीतावर हलवण्यात आलं. समोरची व्यक्ती बाळाच्याच तालात हलली असेल, तर नंतर तिच्या हातून पडलेली वस्तू उचलून द्यायला बाळ जास्त तयार होतं. ऑक्सफर्डच्या नौकानयनपटूंवर २०१० मध्ये झालेल्या अभ्यासात एकट्याने वल्हवण्यापेक्षा संघाने एकत्र वल्हवल्यावर वेदना सहन करण्याची क्षमता जास्त वाढलेली दिसली. मेंदूत तयार होणारी एंडॉर्फिन ही वेदनाशामक रसायनं त्यामागे असावीत, असा संशोधकांचा तर्क आहे. पालखी नाचवणाऱ्याचा खांदा दुसऱ्या दिवशी का ठणकतो आणि त्या रात्री का ठणकत नाही, याचं उत्तर कदाचित इथे असेल.

स्पेनमधल्या एका गावात निखाऱ्यांवरून चालण्याचा विधी होतो. २०११ च्या अभ्यासात चालणाऱ्याच्या हृदयगतीचे चढउतार त्याच्या बघणाऱ्या नातेवाइकांशी आणि मित्रांशी जुळले. परक्या प्रेक्षकांशी जुळले नाहीत.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. ताल माणसांना जोडतो, पण कुणाला आपलं मानायचं हे ताल ठरवत नाही, समाज ठरवतो. महाराष्ट्रात अनेक गावांत ज्यांच्या हातात वाद्य होतं, त्यांनाच देवळाच्या पायरीवर अडवलं जात होतं. त्यांच्या ठोक्यावर सगळं गाव नाचायचं आणि पाणवठा मात्र वेगळा असायचा. त्याच महाडमध्ये २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. आंबेडकरी चळवळीने जलसे आणि भीमगीतं यांतून एकत्र गाण्याची हीच ताकद हक्कांसाठी वापरली. आजही २० मार्चला तळ्याकाठी जमलेली माणसं गाणी एकत्र म्हणतात.

ताल औषधासारखा काम करतो का?

एका आजारात त्याचा उपयोग नीट तपासला गेला आहे. पार्किन्सनमध्ये बेसल गँग्लियांना मिळणारं डोपामाइन कमी होतं. पावलं लहान होतात, चालताना माणूस मध्येच अडकतो. १९९६ मध्ये अमेरिकेतले मायकल थाउट आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना तीन आठवडे तालाच्या आवाजावर चालण्याचा सराव दिला. त्यांचा चालण्याचा वेग आणि पावलाची लांबी सुधारली. आतलं घड्याळ कमजोर झालेलं असताना बाहेरचा ठोका पावलांना आधार देतो, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

याने आजार बरा होत नाही. औषधं चालूच ठेवावी लागतात आणि चालण्याचा सराव फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानेच करायचा. पण भजनात बसलेल्या एखाद्या आजोबांचा हात टाळाबरोबर सहज चालत असेल, तर त्यांना टाळ द्या.

'मला ताल कळतच नाही', हे खरं असतं का?

फार क्वचित. २०११ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी अशा एका तरुणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्याला संगीतातला ठोका सापडतच नव्हता. त्याचे सूर ठीक होते. घड्याळासारख्या साध्या टिक-टिकवर तो ठेका धरू शकत होता, पण गाण्यातून ठोका वेगळा काढू शकत नव्हता. असे लोक असतात, पण थोडे. बाकीच्यांना अडचण बहुतेक सरावाची आणि संकोचाची असते.

डीजे आणि खालूबाजात मेंदूसाठी फरक काय?

पायांना दोन्ही हलवतात. जाड ठोका दोन्हीकडे आहे. फरक जोडाचा आहे.

रेकॉर्ड केलेलं गाणं तुमचं ऐकत नाही. सासनकाठी नाचवणारा दमला, पालखी वळणावर अडकली, पोरांना जोर आला, तरी ट्रॅकची गती तीच राहते. जुळवून घेण्याचं सगळं काम नाचणाऱ्याने करायचं. खालूबाजात ढोलवाला काठीकडे बघून लय धरतो आणि काठी नाचवणारा ढोल ऐकून. सावरणं दोन्ही बाजूंनी होतं.

दुसरा फरक शिकण्याचा. टिमकी पुस्तकातून येत नाही. मोठ्यांच्या शेजारी उभं राहून, त्यांच्या ठोक्यात आपला ठोका घालून, चुकून, सावरून ती येते. अंदाज बांधणं आणि दुरुस्त करणं ही मेंदूची कामं अशाच सरावाने पक्की होतात. तरुण पोरं वर्षभर मुंबई-पुण्यात आणि सणाला चार दिवस गावी असतील, तर शेजारी उभं राहण्याचे तासच कमी होतात. मग बाजा जमत नाही, आणि बाजा जमत नाही म्हणून डीजे बोलावला जातो.

आवाजाच्या बाबतीत मात्र दोघांनाही सूट नाही. ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज तासन् तास राहिलं तर कानाला इजा होऊ शकते, आणि ढोलाशेजारी आवाज याच्या बराच वर जातो. आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत. रोज वाजवणाऱ्यांनी कानात बोळे घालावेत. लहान बाळाला ढोलाच्या किंवा स्पीकरच्या अगदी जवळ नेऊ नये.

घरी करून बघा

मोबाइलवर मेट्रोनोमचं एखादं ॲप घ्या आणि मिनिटाला १२० ठोके लावा. दोन मिनिटं त्यावर टाळी धरा. मग आवाज बंद करा, टाळी चालू ठेवा आणि अर्ध्या मिनिटाने पुन्हा आवाज लावून तपासा, तुम्ही पुढे गेलात की मागे पडलात. नंतर हेच घरातल्या कुणाला तरी समोर बसवून दोघांनी करा. जोडीत लय चढते का, ते बघा.

येत्या शिमग्याला पालखी दारात आली की आणखी एक गोष्ट लक्ष देऊन बघा: वाजवणाऱ्यांची नजर. ढोलवाला टिमकीकडे कधी बघतो, सनईवाला कुठे मान हलवतो, लय बदलायच्या आधी कोण कुणाला खूण करतो. आणि त्यांच्यात एखादा पोरगा टिमकी घेऊन कडेला उभा असेल, तर त्याला पुढे येऊ द्या. त्याच्या मेंदूला त्या वेळी शेजारच्या ढोलाइतकी उपयोगी दुसरी शाळा नाही.